पाण्यातली जागा

पालघर,
रविवार, १६ जून १९६८

दादा,

मागच्या पत्रात माझी एक चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. पंचांनी आपली पाण्यातली जागा नामदेवकाकांना दिली असं मी लिहिलं होतं. दिलेली नाही. द्यायचं चाललं आहे. आई मनोरच्या बाजाराला सुकट घेऊन जाताना पालघरला उतरली होती, ती "दिली" म्हणाली आणि मी कुणाला न विचारता तसंच लिहून पाठवलं. काल गावी गेले तेव्हा बाबांनी सांगितलं की निकाल नारळी पौर्णिमेआधीच्या रविवारी पंच बसतील तेव्हा होईल. मागचं पत्र फाडू नकोस. त्याच्याखाली हे ठेव.

नागोराव, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवणार, म्हणून तुम्हांला दोन ओळी. तुमच्या मराठवाड्यात समुद्र नाही, तेव्हा मध्येच अडाल. आमच्याकडे डोलीचं जाळं समुद्राच्या तळात ठोकलेल्या खुंटांना बांधतात. भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी जाळ्यात शिरते. पण खुंट वाटेल तिथे ठोकता येत नाही. प्रत्येक घराची पाण्यात जागा ठरलेली असते, शेतासारखी, फक्त तिला बांध नाही आणि सातबारा नाही. किनाऱ्यावरचं देऊळ आणि त्यामागचा ताड एका रेषेत आले की आमची जागा आली. खुंट दर पावसाळ्यानंतर नव्याने ठोकावे लागतात. लागोपाठ दोन हंगाम ज्या घराने ठोकले नाहीत, त्यांची जागा पंच दुसऱ्या घराला देऊ शकतात. दादा तुमच्याबरोबर बोईसरच्या प्लँटच्या बांधकामावर लागल्यापासून आमचे दोन हंगाम गेले.

दादा, आता तुला एकच विचारायचं आहे. नामदेवकाका सांगतात की "दामूने मला जागेचा शब्द दिलाय." दिलास का? मला होय किंवा नाही एवढंच कळव. दोन्हींपैकी काहीही असलं तरी मी भांडणार नाही, पण मला खरं काय ते माहीत हवं.

मे महिन्यात मी बोईसरला तुझ्या खोलीवर आले होते. नागोराव बाहेर आले आणि तू ड्युटीवर आहेस म्हणाले. तुझ्या चपला दारात होत्या. त्याबद्दल मी काही विचारत नाही. केळव्याच्या मावशीने दिलेल्या सुपाऱ्या नागोरावांकडे ठेवल्या होत्या, त्या मिळाल्या असतील.

चंद्री


पालघर,
रविवार, ३० जून

दादा,

पत्र मिळालं. तू सांगितलंस आणि नागोरावांनी लिहिलं, त्यातलं मी इथे उतरवते, म्हणजे मी काय समजले ते तुला कळेल आणि चुकत असेन तर सांगता येईल.

"शब्द दिला तो खरा. नामदेवकाकाचे दोन पोरगे हाताशी आले, एका जागेवर दोघांचं भागत नाय. मला पगार मिलतो, वादल असो नायतर भांगाचं मेलेलं पानी असो. पान्यात कुनाचं नाव लिवलेलं नसतं. तू विलायतेला जाऊन शेवटी मास्तरीन झालीस, मला शिकवू नको. तिकडं दोन वर्सं काय केलंस ते तरी कदी सांगितलंस काय?"

खाली नागोरावांच्या स्वतःच्या ओळी आहेत: "ताई, दामूभाऊंनी सांगितलं तसंच लिव्हलं, माझं एक अक्षर नाही. फक्त सांगता सांगता दोनदा उठून भायेर गेले."

दादा, होय हे उत्तर मिळालं. त्याबद्दल आभार. शब्दाबद्दल मी पुढे बोलेन. आधी तू विचारलंस त्याचं उत्तर देते, कारण ते खरंच मी कधी सांगितलं नाही. तिकडून मी घरी बर्फ, बस आणि "तब्येत ठीक आहे" एवढंच लिहायचे. पत्र शाळेतले गुरुजी देवळाच्या ओट्यावर मोठ्याने वाचणार आणि अर्धा गाव ऐकणार हे मला माहीत होतं. गावासमोर काय लिहायचं?

पहिले काही महिने मी तिथे तोंडच उघडलं नाही. दर आठवड्याला आम्ही विद्यार्थी एका टेबलाभोवती बसायचो आणि डॉक्टर रीड नावाचे आमचे सर कुणाचा तरी निबंध वाचायला लावायचे. मग बाकीच्यांनी त्यातल्या चुका काढायच्या. ज्याच्या चुका काढल्या तो रागावत नसे. उलट चहाला त्याच माणसाशेजारी जाऊन बसे. मला वाटायचं, बाहेर गेल्यावर आता यांची मारामारी होणार. मला विचारलं की मी "येस सर" म्हणायचे. माझा पहिला निबंध मी सरांच्याच पुस्तकावरून मन लावून लिहिला. त्याच्याखाली त्यांनी लिहिलं: हे सगळं माझंच आहे, तुझं यात काय? मला वाटलं, आता परत पाठवणार.  मी माफीचं पत्र लिहून त्यांच्या दाराखालून सरकवलं. ते मला बोलावून म्हणाले की या पत्राचं काय करायचं ते मला कळत नाही, मी फक्त एक प्रश्न विचारला होता.

कामही सांगते. तुला हसू येईल. माशाच्या कानात एक बारीक पांढरा खडा असतो. तो कापून काचेखाली धरला की झाडाच्या बुंध्यासारखी वलयं दिसतात आणि त्यावरून माशाचं वय कळतं. मी दोन वर्षं तेच केलं. ते खडे आम्ही दोघं दोघं वाचायचो, मी आणि तिथला एक म्हातारा मदतनीस. आधी आपापला आकडा लिहायचा, मग शेजारी ठेवायचे. एकदा त्यांचा आणि माझा जुळला नाही, तेव्हा मी माझा खोडला. ते म्हणाले, खोडलास का? मी म्हटलं, तुम्ही मोठे आहात. ते म्हणाले, मासा काय माझ्या वयाकडे बघून वाढतो? मग दोघांनी पुन्हा काचेत पाहिलं. बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर निघायचं, पण दर वेळी नाही. हे मला शिकायला दोन हिवाळे लागले, दादा: मोठ्या माणसाला तोंडावर वेगळं सांगता येतं, आणि त्याने त्याचा मोठेपणा जात नाही. तिकडच्या माणसांना ते लहानपणापासून येतं. मला घाम फुटायचा. अजून फुटतो.

आणखी एक आहे. मी मिसेस बुकन नावाच्या बाईंकडे खोली घेऊन राहत होते. त्या मासेमारांच्या घरातल्या. एका रविवारी त्यांनी मला बसने त्यांच्या माहेरच्या गावी नेलं. किनाऱ्यावर लहान लहान पांढरी घरं, खिडक्यांना निळा रंग, सगळं स्वच्छ. धक्क्याच्या दगडात होड्या बांधायच्या लोखंडी कड्या होत्या आणि एकाही कडीला दोर नव्हता. घरं शहरातल्या लोकांनी उन्हाळ्यात राहायला घेतली होती. मी विचारलं, तुमच्याकडून हे कुणी काढून घेतलं? त्या म्हणाल्या, कुणी नाही. आमचा एक भाऊ कारखान्यात गेला, मग दुसरा, मग शेजारचे. प्रत्येकाचं कारण चांगलं होतं.

हेही लिहायला हवं, नाहीतर मी अर्धंच सांगितलं असं होईल. बाईंचे भाऊ सुखात होते. त्यांच्या घरात नळाला गरम पाणी येतं आणि बाई स्वतः म्हणाल्या की माझ्या आईने थंडीत बोटं फुटेपर्यंत मासळी साफ केली, ते दिवस परत यावेत असं मला वाटत नाही. तेव्हा तू पगार धरलास हे चूक असं मी म्हणत नाही. फक्त त्या गावातल्या कुणालाही परत यायचं म्हटलं तर दोर बांधायला कडी आपली राहिली नव्हती, एवढंच मी पाहिलं.

प्लँटचं बांधकाम संपलं की ठेकेदार माणसं कमी करणार, असं गेल्या खेपेला नागोरावांनीच मला सांगितलं. तुला ठेवतील का?

गावात म्हणतात की चंद्री तिकडे नापास झाली म्हणून परत आली आणि पालघरच्या शाळेत लागली. तूही तसं समजतोस की काय, मला माहीत नाही. मी पास झाले. मला तिकडे खडे वाचायची नोकरी देत होते. मी ती घेतली नाही. कारण लिहायला गेले की ते मोठेपणाचं वाटतं, म्हणून सोडून देते.

चंद्री


गावाहून,
रविवार, २१ जुलै

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. तरी लिहिते, कारण तुझ्या पाठीमागे मी इथे काही केलं आहे आणि ते तुला दुसऱ्याकडून कळू नये.

काल मी पाटलांना विचारायला गेले की घरातला मुलगा खुंट ठोकत नसेल तर मुलीने ठोकला तर चालेल का. मी शाळेतून आले तशी, पिशवी खांद्याला, सरळ त्यांच्या ओटीवर जाऊन विचारलं. पाटील जाळं विणत होते. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग मागे रस्त्याकडे पाहिलं.

"नारल कुठंय?"

मी म्हटलं, "कसला नारळ?"

"पंचाला इचारायला आलीस ना? बापूस कुठंय तुझा? नारल कुठंय? का विलायतेत सगलं हात हलवीत इचारतात?"

आत पाटलीणबाई हसल्या.  दार वाजवायचं आणि विचारायचं, ही तिकडची सवय. आपल्याकडे पंचांना प्रश्न विचारायचा तर घरचा पुरुष नारळ पुढे ठेवतो, नारळ उचलला तर प्रश्न घेतला, नाही उचलला तर घरी जायचं, हे मी लहानपणी दहादा पाहिलेलं. तेच विसरले. मी घरी जाऊन बाबांना उठवलं. त्यांचा उजवा हात अजून वर होत नाही. डाव्या हाताने नारळ धरून ते माझ्याबरोबर आले, वाटेत दोनदा थांबले. पाटलांनी या खेपेला मला बसायला पाट दिला.

"आता इचार."

मी विचारलं.

"बायकांनी खुंट ठोकलेला कुनी आयकलाय काय, वामन?" पाटील बाबांना म्हणाले.

बाबा म्हणाले, "मी नाय आयकला."

"मंग?"

मी म्हटलं, "ठोकू नये असं कुणी सांगितल्याचं ऐकलंय का?"

जिवल्या तिथेच वाशावर बसून बिडी ओढत होता. तू गेल्यापासून तो आपली होडी सोडून दुसऱ्यांच्या होडीवर जातो हे तुला माहीत आहे. तो म्हणाला, "पाटील, खुंटाला थोडंच कलतं कोन ठोकतंय! त्याच्या टालक्यात बसला घाव का तो जातो खाली."

"तू गप रे. तुला कुनी नारल दिलाय?"

पण पाटलांनी नारळ उचलला. म्हणाले, प्रश्न घेतला, निकाल सगळ्यांसमोर. पंच हल्ली तुमच्या प्लँटवाल्यांच्या सुट्टीसाठी रविवारी बसतात. मग म्हणाले, "पन दाम्याचा शब्द गेलाय. त्याचं काय ते तो सांगंल. आनि तू बोलनार असशील तर उभी राहून बोलायचं. मागं बसून आईच्या कानात नाय."

बायकांपैकी पंचांपुढे आजवर कुणी उभं राहिलेलं नाही. लिलावात आई साऱ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशी ओरडते, पण पंच बसले की तीही भिंतीला टेकून गप्प असते.

आता नवसीवहिनीचं. हे तिला विचारून लिहिते आहे. ती म्हणाली, लिव, त्याला कलू दे. पाटलांकडून आले तेव्हा ती बोंबील सुकवायच्या वलांडीवरून काढून ठेवलेल्या दोऱ्या गुंडाळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "झाला काय निकाल?"

"अजून नाही. चार ऑगस्टला."

"चंद्राबाय, तुला जागा पायजे. मला नवरा पायजे. माझा बापूस त्याच पान्यातून आला नाय. मी दोन वर्सं रात्री झोपते, माहीत हाय तुला? वारा सुटला तरी झोपते. तू त्याला परत होडीवर नेशील तर मी तुला माफ करनार नाय."

मी तिला म्हटलं की मी त्याला परत आणत नाही. मग मी बोलले ते खरं आहे का, हे मी मनात तपासलं. दादा, जूनमध्ये मी तुला परत आणायलाच लिहीत होते. आता नाही. वहिनीने ते बदललं. तू बोईसरला राहा. क्वार्टर मिळाली तर वहिनीला घेऊन जा. मी मागते आहे ते एवढंच: जागा घराच्या नावाने राहू दे. जिवल्या तांडेल म्हणून होडीचा ताबा घेईल, त्याचा चुलत भाऊ आनंदा आणि आणखी दोघं तयार आहेत. होडीच्या फळ्यांमधल्या फटी भरायच्या आहेत, ते काम त्यांनी सुरू केलं आहे. मासेमारीला मी स्वतः समुद्रावर जाणार नाही. ते मला येत नाही, आणि येतं असं दाखवणार नाही. खुंटावर पहिला घाव मात्र घरच्या माणसाचा लागतो. तो बाबांच्याने होणार नाही. त्या दिवसापुरती होडीवर जाऊन तो मी घालीन.

एक गोष्ट आणखी. मला बोंबलाच्या कानातले खडे वाचायचे आहेत. एकाच जागेवरचे, वर्षानुवर्षांचे. तेही या मागण्यात आहे. पण ते मासे मला नामदेवकाकांच्या जाळ्यातूनही मिळतील, त्यामुळे हे कारण मी पंचांपुढे धरणार नाही. तुला फक्त माहीत असावं.

तू पंचांना एवढंच सांग की माझी हरकत नाही. यायचं नसेल तर नागोरावांच्या हातची एक ओळ पुरे.

चंद्री


पालघर,
मंगळवार, ३० जुलै

दादा,

उत्तर आलं. याही वेळी उतरवते.

"मी येनार. पंचांपुढं उभा राहून सांगनार, जागा नामदेवकाकाची. तांडेलाचा शब्द हाय. तू खुंट ठोकलास तर लोक काय बोलतील? दाम्याच्यानं झालं नाय ते भनीनं केलं. तिथं तू तोंड उघडलंस तर मी तुझा भाव नाय. चलेगा नहीं."

आणि खाली: "ताई, शेवटचे दोन शब्द त्यांचेच आहेत, इथं सगळे तसं बोलतात. तुमचं मागलं पत्र फाडून टाक म्हणले. म्या फाडलं नाही, पेटीत ठेवलं. पुढलं आलं तर वाचू का नको, ते तुम्हीच सांगा. वहिनींचं वाचताना मात्र मला थांब म्हणले आन् तेवढंच परत वाचाय लावलं."

नागोराव, वाचा. तो उठून गेला तर थांबा, आला की पुढचं वाचा. दोघांचं भांडण तुमच्या तोंडून होतं आहे, त्याबद्दल मला संकोच वाटतो.

दादा, मी बोलणार आहे. तुझ्या मागून काही करायचं नाही, म्हणून काय बोलणार ते आज सगळं लिहिते. तिथे तुला माझ्याकडून नवीन असं काही ऐकावं लागणार नाही.

रविवारी मी नामदेवकाकांकडे गेले. या वेळी नारळ नव्हता, पण काकूंसाठी केळव्याची विड्याची पानं नेली. त्यांना म्हटलं, मी पंचांपुढे तुमच्या विरुद्ध बोलणार आहे.

काका म्हणाले, "माझ्या इरुद्ध बोलनार, नि ते सांगायला माझ्याच घरी आलीस?"

"होय."

"हे तिकडं शिकवतात?"

"होय."

"चाय घे," काका म्हणाले. मग आत ओरडले, "अगो, साखर जास्त घाल, ही आपली जागा घ्यायला आलीय."

चहा पिताना ते गंभीर झाले. म्हणाले, "चंद्रे, तुझा भाव माझ्याकडं आपला आपून आला. मी मागायला गेलो नव्हतो. त्याला शब्द मोडायला सांगू काय मी?"

मी म्हटलं, "नाही. त्याचा शब्द त्याने पाळावा. पण जागा घराची आहे. घरात बाबा आहेत, आई आहे, मी आहे. आम्हांला कुणी विचारलं नाही."

"मंग माझ्या पोरांनी काय करायचं?"

 मी म्हटलं, ते मला सांगता येत नाही. ते मी पंचांनाही सांगेन की नामदेवकाकांची गरज खरी आहे आणि तिच्यावर माझ्याकडे तोड नाही. काका मला दारापर्यंत पोचवायला आले आणि म्हणाले की मी पन माझं बोलनार हां. मी म्हटलं, बोला.

घरी बाबांना विचारलं की तुम्हीच का बोलत नाही. ते डाव्या हाताने उजवा हात चोळत होते. म्हणाले, "मी बोललो तर पोराचा शब्द बापानं मोडला असं होतं. तू बोललीस तर तुझं तू बोललीस." आई म्हणाली की मी तुझ्या मागं बसेन, आणि पाय कापले तर माझ्या खांद्याला धर. पाय कापणार हे तिने धरूनच ठेवलं आहे.

तर मी असं म्हणेन: माझ्या भावाने शब्द दिला तो खरा आणि तो खोटा पडावा असं मला वाटत नाही. त्याने दोन हंगाम खुंट ठोकला नाही, कारण त्याला दुसरं काम मिळालं, आणि त्या पगारावर आमचं घर चाललं, माझ्या बाबांचं औषध चाललं. त्याच्याच्याने झालं नाही असं कुणी म्हटलं तर ते खोटं आहे आणि तेही मी तिथेच सांगेन. मग म्हणेन की आमच्या घराला तिसरा हंगाम द्या. या हंगामात आम्ही खुंट ठोकला नाही, किंवा ठोकून नीट चालवला नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा विचारायची गरज नाही, जागा नामदेवकाकांची. आणि पंच आत्ताच नाही म्हणाले, तर मी तेव्हाच खाली बसेन. नंतर पाणवठ्यावर, बाजारात, कुठेही हा विषय काढणार नाही.

तू समोर उभा असशील. तू तुझं पूर्ण बोल. मी मध्ये बोलणार नाही. मी बोलेन तेव्हा तूही मध्ये बोलू नकोस, एवढीच विनंती.

तू लिहिलंस की मी तोंड उघडलं तर तू माझा भाऊ नाहीस. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. हे पत्र लिहायला बसण्याआधी मी एक पत्र लिहिलं होतं, त्यात मी गप्प बसेन असं होतं. ते पोस्टात टाकलं नाही. ते खोटं नव्हतं, त्या दिवशी मला तसंच वाटत होतं. तिकडे कुणी माझी चूक काढली, मी कुणाची काढली, तर फार तर निबंधाचा एक कागद वाया जायचा. इथे भाऊ जाईल. हा फरक मला तिथल्या कुणी शिकवला नाही, आणि शिकवायला त्यांना तो माहीतही नव्हता. म्हणून मी सरांचं नाव घेऊन किंवा विलायतेचं नाव घेऊन उभी राहणार नाही. मला भीती वाटते आहे आणि तरी मला हे बरोबर वाटतं, एवढंच माझ्याजवळ आहे.

भाऊ नाहीस म्हणालास तर ते तुझं म्हणणं. माझ्या बाजूने मी बहीणच राहते. त्याला तुझी परवानगी लागत नाही.

पंच उठले की वहिनी जेवण मांडणार आहे. तुझं पान मांडायचं असं तिने मला सांगून ठेवलं आहे, निकाल कुठल्याही बाजूने लागो. मीही त्याच पंगतीला असेन. नको वाटलं तर मी आत आईजवळ बसेन, तू बाहेर बस. पण उपाशी परत जाऊ नकोस.

मी शनिवारी शाळा सुटल्यावर गावी जाते. पाटलांना समक्ष सांगून आले आहे की पहिल्यांदा तुझं नाव घ्या, मग नामदेवकाकांचं, मग माझं. ते म्हणाले, तुझं नाव पुकारताना बापाचं नाव लावू का भावाचं? मी म्हटलं, नुसतं चंद्रकांता म्हणा, मी उठेन.

रविवारी, चार ऑगस्टला.

चंद्री